दिसले तेच लिहायचे : घरच्या घरी जीवशास्त्राचे चार प्रयोग



वस्तीवरच्या मुलांच्या शिक्षणासाठी आपण प्रार्थना करता, मदत पाठवता. या अंकासाठी मला एक छोटा अभ्यासपाठ लिहायला सांगितले आहे. तो वाचून बाजूला ठेवू नये. आपल्या घरातील, शेजारच्या किंवा वसतिगृहातील नववी-दहावीच्या मुलांना जवळ बसवून करून पाहावा, एवढीच विनंती.

मी निवृत्त शिक्षिका आहे. नेवासे तालुक्यातील घोडेगावात माझे घर आहे. रविवारी उपासना आटोपली की दुपारी माझ्या पडवीत आठ-दहा मुले जमतात. बहुतेक भिल्ल वस्तीतली. कोणाचे वडील कांदा मार्केटमध्ये गोण्या उचलतात, कोणाची आई खुरपणीला जाते, कोणाचे सगळे घर दिवाळीनंतर ऊसतोडीला निघून जाते आणि मूल आजीजवळ मागे राहते.

पहिल्याच रविवारी मी एका मुलीला विचारले, "प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय?" तिने डोळे मिटून सगळी व्याख्या एका दमात म्हणून दाखवली. मग मी दारातल्या जास्वंदीकडे बोट करून विचारले, "हे झाड आत्ता ते करतंय का?" ती गोंधळली. म्हणाली, "बाई, ते पुस्तकातलं हाय."

हीच मुलगी रानातल्या कितीतरी झाडांची नावे सांगते. कोणता पाला शेळी खाते आणि कोणता सोडते, हे तिला पाठ आहे. तरी पुस्तकातले झाड आणि दारातले झाड तिच्या मनात दोन वेगळी झाडे होती. दोष तिचा नव्हता. नोकरीच्या साऱ्या वर्षांत मीही असेच शिकवले होते. फळ्यावर आकृती काढायची, मुलांनी ती उतरवायची, खाली नावे लिहायची आणि पुढच्या धड्याकडे वळायचे.

करून शिकण्याची वाट काही मी शोधलेली नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर ही क्वेकर बांधवांची संस्था आणि किशोर भारती ही संस्था यांनी मिळून १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवायला आरंभ केला. मुले चार-चारच्या टोळ्या करून प्रयोग करीत, आणि परीक्षेला पुस्तक व वही जवळ ठेवायची त्यांना मुभा असे. आपल्या जवळ, पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुलेही तेथे हाताने काम करता करता शिकतात. या लोकांनी जे गावोगाव केले, त्यातले चिमूटभर मी पडवीत करते.

पहिला प्रयोग : कांद्याची पेशी

सामान : एक कांदा, काचपट्टी, पाणी, आयोडीन आणि सूक्ष्मदर्शक.

घोडेगावात कांद्याला तोटा नाही. कांदा उभा चिरावा आणि आतली एक पाकळी घ्यावी. तिच्या खोलगट बाजूला अगदी पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो. तो नखाने अलगद सोडवून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरावा. सुरकुती पडू देऊ नये. आयोडीनचा एक थेंब टाकावा आणि वरून पातळ काच ठेवावी. औषधांच्या दुकानात जखमेसाठी मिळते ते पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून चालते.

सूक्ष्मदर्शक महाग असतो, म्हणून आम्ही कागदाचा, घडी घालून बनवायचा फोल्डस्कोप वापरतो. मनू प्रकाश या भारतीय शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केला. त्यातून वस्तू सुमारे १४० पट मोठी दिसते.

एका मुलाने डोळा लावला आणि तो ओरडलाच, "बाई, ह्या तर भट्टीवर रचलेल्या विटा!" त्याचे बालपण वीटभट्टीवर गेले आहे. प्रत्येक विटेसारखी दिसते ती एक पेशी. विटेची कड म्हणजे पेशीभित्तिका, आणि आतला पिवळट तपकिरी ठिपका म्हणजे केंद्रक.

मग चित्र काढायला सांगितले, तर सर्वांनी पुस्तकातली आकृती काढली! तेव्हा आम्ही एक नियम केला : पुस्तक मिटायचे आणि दिसले तेच काढायचे. दहा पेशींपैकी सहांत ठिपका दिसला, तर सहांतच काढायचा.

दुसरा प्रयोग : पानातले अन्न

सामान : कुंडीतली जास्वंद, काळा कागद, सर्जिकल स्पिरिट, दोन भांडी, आयोडीन.

या प्रयोगात माझी फजिती झाली. ती सांगितली नाही तर पाठ अपुरा राहील.

पान उन्हात अन्न तयार करते आणि त्यातले काही स्टार्चच्या रूपात साठवते. स्टार्चला आयोडीन लागले की काळपट निळा रंग येतो. बटाट्याच्या फोडीवर किंवा भातावर थेंब टाकून हे आधी दाखवावे. पानाचा काही भाग काळ्या कागदाने झाकला तर तेथे स्टार्च तयार होत नाही, आणि तेवढा भाग निळा होत नाही. पुस्तकात असे आहे.

मी दुपारी बारा वाजता अंगणातल्या जास्वंदीच्या पानाला कागद लावला आणि चार वाजता पान तोडले. आयोडीन टाकले, तर सगळेच पान काळेनिळे! झाकलेला पट्टा कोठे होता ते कळेना. मुले माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मी म्हणाले, "असू दे. वहीत लिहा, झाकलेला भाग निळा झाला नाही."

सगळ्यांनी खाली माना घालून लिहिले. एकाने पेन खाली ठेवले. "पण बाई, झालाय की निळा. तुम्हीच म्हणलात, दिसलं तेच लिहायचं."

मी गप्प झाले. आयुष्यभर मुलांना खरे बोला म्हणून शिकवले, आणि एका पानासाठी दहा मुलांना खोटे लिहायला सांगितले होते. मी माफी मागितली. सर्वांनी ती ओळ खोडली आणि लिहिले, "सगळे पान निळे झाले. असे का?"

त्या "असे का?" ने आम्हांला जे शिकवले ते बरोबर उत्तराने शिकवले नसते. मुलांनीच विचार केला. पान सकाळपासून उन्हात होते. कागद लावण्याआधीच त्यात स्टार्च साठला होता. तो आधी संपवायला हवा होता.

म्हणून पुढच्या खेपेस कुंडी दोन दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवली. नंतर एका पानावर, वरून आणि खालून, काळ्या कागदाची पट्टी लावली आणि कुंडी पाच-सहा तास उन्हात ठेवली. पान तोडून दोन मिनिटे पाण्यात उकळले. मग स्पिरिटच्या वाटीत टाकून ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली. स्पिरिट भडकन पेटते, म्हणून गॅस किंवा चूल पूर्ण विझवल्यावरच बाटली उघडावी, स्पिरिट आचेवर कधीही ठेवू नये, आणि हे काम मोठ्या माणसानेच करावे. हरितद्रव्य उतरून पान फिके झाले की ते गरम पाण्यात धुऊन त्यावर आयोडीन टाकावे.

या वेळी झाकलेला पट्टा पिवळट राहिला आणि बाकीचे पान काळेनिळे झाले. जिने "ते पुस्तकातलं हाय" म्हटले होते, ती पान हातावर घेऊन बराच वेळ बसून राहिली.

तिसरा प्रयोग : अळ्या कोठून येतात?

सामान : तीन बाटल्या, मासळीचे तुकडे, पातळ फडके, एक झाकण.

"सडलं की किडे आपोआप पडतात," असे आपण सर्रास म्हणतो. फ्रान्सेस्को रेडी या इटालियन वैद्याने १६६८ साली ही समजूत तपासली. आपणही तपासू शकतो. तीन बाटल्यांत मासळीचा एकेक तुकडा टाकावा. एक बाटली उघडी ठेवावी, दुसरीला फडके बांधावे, तिसरीला घट्ट झाकण लावावे. बाटल्या घरापासून दूर, सावलीत, कुत्र्या-मांजरांच्या आवाक्याबाहेर ठेवाव्यात. रोज पाहून तारीख घालून लिहावे.

काही दिवसांत उघड्या बाटलीत अळ्या वळवळू लागतात. फडके बांधलेल्या बाटलीतली मासळीही सडते आणि तिचाही वास सुटतो, पण आत अळी नसते. माश्या मात्र फडक्यावर घिरट्या घालतात. म्हणजे अळ्या सडण्यातून जन्मत नाहीत, त्या माशीच्या अंड्यांतून येतात. शेवटी सर्व खड्ड्यात पुरावे आणि साबणाने हात धुवावेत. "अन्न झाका" असे मी वस्तीत कितीदा तरी सांगितले असेल. या प्रयोगानंतर ते मुलांनीच घरी सांगितले.

चौथा प्रयोग : आईकडून एक, वडिलांकडून एक

सामान : दोन वाट्या, लाल आणि पांढरी चवळी.

ग्रेगोर मेंडेल हे आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील मठातले धर्मगुरू. त्यांनी १८५६ पासून मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपे लावून, मोजून, आनुवंशिकतेचे नियम शोधले आणि १८६६ मध्ये ते छापले. आपण चवळी मोजू.

प्रत्येक वाटीत २० लाल आणि २० पांढऱ्या बिया मिसळाव्यात. एक वाटी आईची, एक वडिलांची. डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक बी उचलावे, जोडी लिहावी आणि बिया परत ज्या त्या वाटीत टाकाव्यात. असे १०० वेळा करावे. सुमारे २५ जोड्या पांढऱ्या, ५० मिश्र आणि २५ लाल येतात. बरोबर २५ क्वचितच येतात. कधी २१, कधी २८. जे येईल ते लिहावे.

नववीच्या पुस्तकात दात्रपेशी पांडुरोग आहे. आपण त्याला सिकलसेल म्हणतो. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हातपाय असह्य दुखतात, रक्त कमी होते, डोळे पिवळे पडतात. आपल्या अनेक आदिवासी समाजांत हा आजार आढळतो. चवळीत लाल बी म्हणजे या आजाराचे जनुक समजावे. एक लाल आणि एक पांढरे असलेला माणूस वाहक असतो. त्याला सहसा त्रास होत नाही. दोन्ही बिया लाल आल्या तर आजार होतो. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक मुलाच्या वेळी ही शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नाही.

हे झाल्यावर ती व्याख्या म्हणणारी मुलगी मागे थांबली. तिच्या धाकट्या भावाचे हातपाय वरचेवर दुखत, डोळे पिवळे होत. घरचे म्हणत, बाहेरचे काही लागले आहे. बोल मात्र आईला लागत असे, हिच्याच पायगुणाने पोर असे झाले म्हणून.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्या सर्वांना सरकारी दवाखान्यात रक्ततपासणीला नेले. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आहे, आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे सुरुवातीचे उद्दिष्ट होते. कोणाच्या रक्तात काय निघाले, तो त्या घराचा विषय आहे. येथे एवढेच लिहिते की मुलाला आता नियमित औषध मिळते, आणि दुखणे पूर्वीइतके वरचेवर येत नाही.

मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे. मुलीने माझ्याकडून चवळी मागून नेली. घरी जमिनीवर दोन वाट्या मांडल्या आणि आईला डोळे मिटून बिया उचलायला लावल्या. वडील आणि आजी समोर होते. मागून आई माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "बाई, वीस खेपा उचलल्या. लाल-लाल आलं ते काय मी बघून उचललं नव्हतं. अन् एक बी तर त्यांच्याबी वाटीतलं होतं." थोडे थांबून म्हणाली, "आता मला कोणी बोलत नाही."

घरी करताना

चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. उत्तर आधी सांगू नये. प्रयोग फसला तर तो फसला असेच लिहू द्यावे, आणि कारण मुलांनाच शोधू द्यावे. आग, स्पिरिट आणि काच मोठ्यांनी हाताळावी. आणि रक्ताच्या, घराण्याच्या गोष्टी चारचौघांत विचारू नयेत. मूल स्वतः बोलले तरच ऐकावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

आपल्याकडे जुने भिंग, रिकाम्या काचेच्या बाटल्या, न लागणारी काचपट्टी असेल तर मुलांसाठी जरूर द्या. त्याहून, एखाद्या रविवारी दुपारी एक तास द्या. या पाठातले बहुतेक सामान आपल्या स्वयंपाकघरात आणि औषधांच्या दुकानात मिळते. मुलांजवळ बसणारे माणूस तेवढे मिळत नाही.

आपली बहीण,
घोडेगावची एक शिक्षिका