वरून तांबूस, आतून बर्फ

सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला रस्सा-भाकरी नको, काहीतरी वेगळं करू, ही कल्पना माझीच. मधोमध अख्खी भाजलेली कोंबडी, भोवती बटाटे, गाजरं, कांदे, ढोबळी मिरची. दिवस रविवारचा, कारण आमच्याकडे सामिष बुधवार, शुक्रवार आणि रविवारीच होतं. रात्री बाराला सासूबाईंचा सोमवार लागतो आणि तो कडक असतो.

नेहमीचा चिकनवाला कोंबडी सोलूनच देतो आणि भाजायला कातडी हवी, म्हणून फ्रोझन आणली, दीड किलोची. शनिवारी सकाळीच ती फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात उतरवायला हवी होती, ते राहिलं. रविवारी सकाळी ओट्यावर काढून ठेवली. दुपारी दाबून पाहिलं तर छाती मऊ लागत होती. मीठ, मिरपूड, आलं-लसूण आणि लोणी चोळताना पोटात हात घातला, तेव्हा बोटांना बर्फाची कचकच लागली. म्हटलं, ओव्हनमध्ये वितळेल की! पुढचं सगळं रामायण इथून घडलं.

आमचा ओटीजी २८ लिटरचा. ट्रे मधल्या खाचेत सरकवला, त्यामुळे कोंबडीची छाती वरच्या रॉडपासून जेमतेम चार बोटांवर आली. चाळीस मिनिटांत असा काही तांबूस रंग चढला की फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. तासाभराने, रंग आणखी गडद झाल्यावर, ट्रे बाहेर काढला. मान सासऱ्यांचा, म्हणून सुरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी तंगडी सांध्यातून ओढली. आतलं मांस गुलाबी, काचेसारखं चकचकीत, आणि हाडाला बोट लावलं तर चक्क गार.

कोणी काही बोललं नाही. मग सासूबाई उठल्या आणि पदर खोचत म्हणाल्या, "कढई ठेव. मी तुकडे पाडते." फ्रीजमध्ये कांदा-खोबऱ्याचं वाटण होतं. कोंबडी त्यात गेली, आणि तिच्या कच्च्या पाण्यात भिजलेले, मधे टणक राहिलेले बटाटेही गेले. ढोबळी मिरचीचा मात्र पार लगदा झाला होता. सव्वादहाला पानं घेतली. रस्सा उत्तम झाला होता, हे सांगताना अजूनही थोडं लागतं.

नंतर शोधलं तेव्हा मेख कळली. 0 अंशाचा बर्फ नुसता वितळायला जितकी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी जवळजवळ 80 अंशांपर्यंत तापतं. म्हणजे बाहेर कातडी करपायला आली तरी पोटातला बर्फ सगळी ऊब गिळत बसतो. म्हणून फ्रोझन कोंबडी किमान 24 तास फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट ताटात ठेवा. ओट्यावर नाही. तिथे आत बर्फ असतो तेव्हाच बाहेरचं मांस तासन्‌तास कोमट राहतं आणि जंतूंची चैन होते. चोळण्याआधी पोटात हात घालून बघा. बर्फ लागला तर त्या दिवशी रस्साच करा.

आणखी एक, जे सासूबाईंना अजून पटलेलं नाही: कोंबडी नळाखाली धुऊ नये. जंतू धुतल्याने मरत नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारी चिरलेल्या कोथिंबिरीवर जातात. कागदाने टिपून कोरडी करा, कातडीही छान कुरकुरीत होते. मीठ आदल्या रात्रीच चोळा, किलोला दोन सपाट चहाचे चमचे.

ट्रे सगळ्यात खालच्या खाचेत ठेवा. ओव्हन आधी पंधरा मिनिटं तापवा, मग 190 अंशांवर दीड किलोला साधारण सव्वा ते दीड तास. छाती लवकर रंगली तर तेवढ्यावर फॉइल टाका. ही वेळ मात्र अंदाजाची. ओटीजीच्या बटणावर 190 दिसतं म्हणून आत 190 असतंच असं नाही.

मग शिजली कसं ओळखायचं? रंगावर जाऊ नका. कोवळ्या कोंबडीत पूर्ण शिजल्यावरही हाडाजवळ लाली राहू शकते, आणि बाहेरच्या रंगाने मला कसं फसवलं ते आलंच. स्वयंपाकाचा टोचायचा थर्मामीटर घ्या. मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. 74 अंश दिसले की झाली. कमी दिसले तर परत आत. अर्धी शिजवून 'उद्या करू' म्हणत फ्रीजमध्ये टाकणं सर्वांत वाईट. बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू द्या, नाहीतर सगळा रस ताटात ओघळतो.

भाज्यांचं म्हणाल तर माझा ट्रे गच्च भरला होता, त्यामुळे त्या भाजण्याऐवजी वाफेवर शिजल्या. एकच थर हवा, मधे जरा मोकळी जागा. बटाटे अर्धे उकडून घ्या. गाजर आणि कांदा मोठा चिरून सुरुवातीपासून. ढोबळी मिरची आणि फरसबी शेवटच्या वीस मिनिटांत.

आता मी बहुतेक वेळा कोंबडीचा पाठकणा कात्रीने काढून टाकते आणि ती पुस्तकासारखी उघडून पालथी दाबते. देखणी दिसत नाही, पण मांडी आणि छाती एका वेळी शिजतात आणि वेळही तासाच्या आत येतो. कणा रश्शासाठी बाजूला ठेवते. रविवार असेल तर ट्रे संध्याकाळी सहालाच आत जातो. आमच्याकडे सोमवार लागतो.