तलावांकाठच्या मँगनीज पट्ट्यातली तंबू-सहल

प्रश्न : विवळवेढ्याहून मोटारीने निघून तलाव आणि जुन्या खाणी पाहत तंबूत मुक्काम करता येईल का?

उत्तर : त्यासाठी रामटेक-तुमसर हा पट्टा योग्य. विवळवेढ्याहून मनोर, वाडा, भिवंडीमार्गे आमणे गाठले की ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग नागपूरपर्यंत नेतो. त्यावर दुचाकीला बंदी आहे. एवढे अंतर एका दमात कापू नये. वाटेत एक मुक्काम हवाच.

नागपूरच्या उत्तरेला राष्ट्रीय महामार्ग ४४ वर मनसर लागते. इथली मँगनीजची खाण ब्रिटिशकाळापासूनची. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश कंपनीच्या खाणी १९६२ मध्ये ‘मॉयल’ या सरकारी कंपनीकडे आल्या. मँगनीज मुख्यतः पोलादासाठी लागते. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग या उघड्या खाणीतले खनिज मात्र कोरड्या बॅटरीसाठीही जाते. खाणीच्या आवारात ‘मॉयल’च्या पूर्वपरवानगीशिवाय प्रवेश नाही. पाणी साचलेल्या जुन्या खड्ड्यांत तर उतरूच नये, कारण काठ ढासळतात. मनसरलाच वाकाटककालीन अवशेष उत्खननात सापडले आहेत. खाणीपेक्षा तेच अनेकांना जास्त आवडतील.

मुक्कामासाठी रामटेकजवळचा खिंडसी तलाव सोयीचा. तंबू मात्र परवानगी असलेल्या जागीच ठोकावा; पेंचचे जंगल जवळ आहे आणि तिथे वाघ आहेत. पुढे तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग या खाणी आणि चांदपूरचा जलाशय एका दिवसात होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. रात्री थंडी असते, जाड पांघरूण न्यावे.