घर पुन्हा उभं करायला किती लागेल?

परभणी,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. भाग्यश्रीस,


तुझा निरोप पोचला. बँकेतले साहेब घराचा विमा काढा म्हणतात, आणि तुझे सासरे म्हणतात, पीक विम्यानं आपलं काय भलं केलं, आता घराचे पैसे कशाला घालवायचे? दादांचा राग मला समजतो. आपल्या जिल्ह्यात विमा म्हटलं की सोयाबीन, पंचनामा आणि मोर्चेच डोळ्यांपुढे येतात. पण उभा जन्म विम्याच्या कामात गेलेला माणूस म्हणून सांगतो, हे दोन विमे एका मापानं मोजू नकोस.

पीक विम्यात भरपाईचा मुख्य आधार महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न हा असतो. मंडळात पीक कापणी प्रयोग होतात, आणि सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेली तरच पैसे मिळतात. म्हणून आपलं रान वाहून गेलं तरी हात रिकामे राहू शकतात. घराच्या विम्यात मंडळ नाही, सरासरी नाही. अख्ख्या गल्लीत एकट्या तुझ्या घरावर वीज पडली, तरी दावा तुझा आणि मोजमाप तुझ्याच भिंतींचं.

दुसरं, सरकार काही देईलच, हा भरवसा. मागच्या महिन्यात जायकवाडीतून पाणी सुटलं आणि गोदाकाठ कसा पाण्याखाली गेला, ते तुम्ही गंगाखेडकरांनी पाहिलंच आहे. अशा वेळी मिळणारी मदत सरकारी निकषांनी ठरते. २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांत सपाटीवरचं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार रुपये आहेत. पक्क्या घराची पडझड किमान १५ टक्के असेल तर ६,५०० रुपये. भांडीकुंडी वाहून गेली तर कुटुंबामागे २,५०० आणि कपड्यांचे तेवढेच. राज्य सरकार कधी त्यात भर घालतं. ही मदत संकटात उभं राहायला असते, आणि ती हक्कानं घ्यावी. पण तुमच्या घराच्या स्लॅबचा खर्चसुद्धा त्यात निघायचा नाही.

आता पॉलिसीचं. विमा नियामकाच्या आदेशानं १ एप्रिल २०२१ पासून प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. अटी सगळीकडे त्याच, हप्ता मात्र वेगळा. म्हणून दोन-तीन कंपन्यांचे दर विचारल्याशिवाय सही करू नकोस. तिच्यात आग, वीज, स्फोट, वादळ, पूर, भूकंप, दंगल, बाहेरून झाड किंवा वाहन आदळणं, पाण्याची टाकी वा नळ फुटणं, हे सगळं येतं. भूकंप आपल्याकडे कुठला, असं म्हणू नकोस. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी तुझ्या जन्माआधीची असेल, पण २०२४ च्या २१ मार्चला आणि १० जुलैला हिंगोलीकडचे धक्के आपल्या परभणीलाही जाणवले होते.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो रकमेचा. तू म्हणतेस, प्लॉटसकट घर चाळीस लाखांचं आहे, मग विमा चाळीसचा काढायचा का? नाही. प्लॉट जळत नाही. विमा काढायचा तो हेच घर आजच्या मजुरी-सिमेंटच्या भावानं पुन्हा बांधायला जेवढे लागतील तेवढ्याचा. आतलं चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर, हा साधा हिशेब. समज, क्षेत्र ९०० चौरस फूट आणि दर १,८०० रुपये, तर विमा रक्कम १६ लाख २० हजार. खरा दर तुमच्या गुत्तेदाराला विचार. इमारत आणि सामान दोन्ही घेतलंस तर सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, म्हणजे या हिशेबात ३ लाख २४ हजार, यादी न देता मिळतात. त्याची कमाल मर्यादा १० लाख आहे. मुदत १० वर्षांपर्यंत घेता येते, आणि एका वर्षाहून मोठ्या मुदतीत इमारतीची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, जादा हप्ता न भरता.

हप्ता हजारी दरानं ठरतो. उदाहरणापुरतं धर, हजाराला ४० पैसे. २० लाखांवर ८०० रुपये झाले, वर १८ टक्के जीएसटीचे १४४, म्हणजे वर्षाला ९४४. कुणी याच्या कितीतरी पट आकडा सांगितला, तर त्यात दुसरं काय जोडलंय ते विचार. बहुतेक वेळा तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो. जावईबापूंना काही झालं तर कर्ज फिटावं म्हणून तो घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण त्याचा भिंतींशी संबंध नाही. आणि अमुक कंपनीचाच विमा घ्या, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. घर तारण असल्यानं पॉलिसीवर बँकेचं नाव मात्र लागेल, आणि मोठ्या दाव्यात तिची बाकी आधी जाईल.

आता काय मिळत नाही ते नीट वाच, कारण भांडणं तिथंच होतात. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे पाडते. जमीन खचली तर पॉलिसी पैसे देते. पण नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं, त्यातले तडे, भरावाची जमीन हलणं, चुकीचं किंवा निकृष्ट काम यांना ती हात लावत नाही. याचा इलाज कागदात नाही, पायात आहे. मागच्या दोन खोल्या अजून बांधायच्या आहेत ना? त्यांचा पाया मुरमापर्यंत न्यायला सांग. वर्षानुवर्षं मुरलेली ओल ही झीज समजतात, तिचेही पैसे नाहीत. शॉर्टसर्किटनं फ्रिज जळाला तर तो फ्रिज जातो. त्याच्यामुळं पसरलेल्या आगीचं नुकसान मात्र मिळतं.

चोरीबद्दल तर लोक हमखास फसतात. आग, पूर अशा घटनेमुळं सात दिवसांच्या आत झालेली चोरीच यात धरतात. पुण्याला लेकराकडे गेलो आणि मागं कुलूप फोडलं, तर त्याला घरफोडीचं वेगळं संरक्षण लागतं. दागिन्यांना जादा संरक्षण घ्यावं लागतं, आणि रोख रकमेला या पॉलिसीत संरक्षण नाही.

समोरच्या खोलीत पिठाची गिरणी टाकायचा विचार आहे, असं ताई म्हणाली. ही पॉलिसी राहत्या घराची आहे. तेव्हा गिरणी येणार असेल तर ते अर्जात लिही आणि तिचा विमा वेगळा काढ. एजंट म्हणेल, कशाला लिहिता? त्याचं ऐकू नकोस. अर्जातली लपवाछपवी दाव्याच्या दिवशी बाहेर येते, आणि त्या दिवशी एजंट शेजारी नसतो.

कधी वेळ आलीच, तर कंपनीला त्याच दिवशी कळव आणि दाव्याचा क्रमांक लिहून ठेव. चिखल उपसण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढ. बिघडलेलं सामान सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत टाकू नकोस. आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला, चोरी असेल तर पोलिसांतली फिर्याद, पूर असेल तर तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत घे. नकाशा, बिलं, पॉलिसी यांची एक प्रत ताईकडे जिंतूरला ठेव. गोदावरीचं पाणी कपाट बघून येत नाही.

दावा नाकारला तर कारण लेखी माग. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, मग ‘बीमा भरोसा’वर किंवा १५५२५५ वर नियामकाकडे. महिन्याभरात दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे अर्ज कर. ५० लाखांपर्यंतचं प्रकरण तिथं चालतं, फी लागत नाही, वकील लागत नाही. ही वाट ठाऊक नसल्यामुळं कितीतरी माणसं पहिल्याच नकारावर गप्प बसलेली मी पाहिली आहेत. तू बसू नकोस.

दादांना हे पत्र वाचून दाखव. त्यांना सांग, वर्षाच्या हजारभर रुपयांत घर पडायचं थांबत नाही, पण पडलं तर लेकाला दुसऱ्यांदा कर्जाखाली जावं लागत नाही. तेवढ्यासाठीच हा खर्च करायचा आहे. दिवाळीच्या आधी गुत्तेदाराकडून दर घे, चटई क्षेत्र मोज आणि मला कळव. रक्कम आपण मिळून काढू.

जावईबापूंना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
मामा