कनेक्शन कुणाच्या हातात आहे?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिलचा दुसरा आठवडा, सोमवार. एका सहकारी बँकेच्या शाखांसाठी आमच्या चमूने जावात लिहिलेलं वेब ॲप्लिकेशन सकाळी अकराच्या सुमारास गोठलं. सीपीयू शांत, मेमरी मोकळी, पोस्टग्रेसही निवांत. आणि शाखांमध्ये ठेवीचं व्याज विचारायला आलेली वयस्क माणसं खिडकीशी ताटकळत उभी. लॉगमध्ये हिकारीची, म्हणजे डेटाबेसची कनेक्शन सांभाळून वाटणाऱ्या पूलची, एकच तक्रार पुन्हापुन्हा उमटत होती: कनेक्शन उपलब्ध नाही, ३०,००० मिलिसेकंद वाट पाहून विनंती सोडून दिली. आम्ही सर्व्हर रिस्टार्ट केले. जेमतेम अर्धा तास चालले आणि पुन्हा तेच. त्या दिवशी आणि नंतरच्या अशा कित्येक दिवसांत जे शिकलो, ते इथे मांडतो.

१. रिस्टार्टच्या आधी थ्रेड डंप घ्या. रिस्टार्टने रांग हलते, पण पुरावाही पुसला जातो. आम्ही दोनदा तो पुसला. तिसऱ्या वेळी चमूतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने हात धरला आणि आधी जेस्टॅक चालवायला लावलं. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन डंप पुरतात.

ते वाचायचे कसे, हे मला त्याच दिवशी कळलं. टॉमकॅटचे नेहमीचे कमाल २०० थ्रेड. त्यातले बहुतेक कनेक्शन मागत थांबलेले दिसणारच. त्यांच्याकडे बघून काही मिळत नाही. कनेक्शनसाठी न थांबलेले शोधायचे. काही थ्रेड डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत असतील, तर क्वेरी रेंगाळली आहे. बाहेरच्या एखाद्या सेवेच्या उत्तरासाठी अडले असतील, तर कनेक्शन हातात धरून कुणीतरी भलतंच काम करतंय. आणि सगळेच मागणारे, वापरणारा एकही नाही, असं दिसलं तर कनेक्शन गळताहेत. आमच्या डंपमध्ये वापरणारा एकही थ्रेड नव्हता.

२. पूल मोठा करण्याची घाई करू नका. हिकारीची मूळ मर्यादा १० कनेक्शनची. घाबरून आम्ही ती ५० केली. सर्व्हर चार, म्हणजे २००. आणि पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १००, त्यातलीही तीन सुपरयूजरसाठी राखीव. वेगळं काही सांगितलं नसेल तर हिकारी सगळीच कनेक्शन उघडून ठेवतो. परिणामी दुसऱ्या सर्व्हरचा पूल पुरता भरेना आणि तिसरा तर उठेचना. दहाच्या अडचणीची आम्ही दोनशेची करून ठेवली.

पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस चालवतो. प्रोसेसरचे कोअर आठ असताना शंभर क्वेरी एकदम सोडल्या, तर त्या एकमेकींच्या वाटेत येतात. हिकारीच्या दस्तऐवजात सुरुवातीसाठी एक हिशेब दिला आहे: डेटाबेस सर्व्हरच्या कोअरची दुप्पट, अधिक डिस्कची संख्या. आठ कोअरला सतरा-अठरा. हा आकडा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला फार लहान वाटतो. मलाही वाटला होता. पण मोजून पाहिलं की पटतो.

३. गळती शोधायला वही लागते. आमच्या गावी लग्नकार्याला देवळातली सामाईक भांडी नेतात. पातेलं नेताना वहीत नाव लिहायचं, कार्य उरकलं की घासूनपुसून परत ठेवायचं. वही नसेल तर पातेलं कमी पडतंय एवढंच कळतं, ते कुणाच्या माजघरात आहे ते कळत नाही. हिकारीत ही वही म्हणजे लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड. मुळात ती बंद असते. आम्ही ती २० सेकंदांवर लावली. तेवढ्या वेळात परत न आलेलं कनेक्शन कोडच्या कोणत्या ओळीने नेलं, हे लॉगमध्ये उमटू लागलं. हिकारी फक्त सांगतो. हातातून काढून घेत नाही. अपाचे डीबीसीपीत सोडून दिलेली कनेक्शन जबरदस्तीने परत घेण्याची सोय आहे, पण तिच्यावर विसंबू नये असं माझं ठाम मत आहे. एखादी लांबलेली पण रास्त क्वेरीही त्यात मधेच तुटू शकते.

वहीने दाखवलेली ओळ टीडीएसच्या जुन्या कोडमधली होती. आधी कनेक्शन घ्यायचं, मग ठेवीदाराने १५एच फॉर्म दिला आहे का ते बघायचं. दिला असेल तर कपात नाही, म्हणून तिथूनच परत फिरायचं. क्लोजची ओळ त्याच्या खाली होती. हा फॉर्म तेव्हा साठीपुढच्या ठेवीदारांचा होता, आणि तो भरण्याची गर्दी एप्रिलमध्ये व्हायची. असे दहा आजी-आजोबा एका सर्व्हरवरून गेले की अकराव्या माणसापासून सगळं ठप्प. ते फेब्रुवारीत कधी दिसलंच नसतं. जावा ७ मध्ये, २०११ सालीच, ट्राय-विथ-रिसोर्सेस आलं होतं. त्यात मधूनच परत फिरलात तरी क्लोज होतंच. आम्ही तो सगळा जुना कोड त्या साच्यात घातला.

४. ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बाहेरच्या कुणाशी बोलू नका. हे पुढच्याच वर्षी भोगलं. पैसे जमा केल्याचा एसएमएस ट्रान्झॅक्शनच्या आतूनच जात होता. एक काम २० मिलिसेकंदांत उरकत असेल तर दहा कनेक्शन सेकंदाला ५०० कामं करतात. एसएमएसच्या गेटवेने पाच सेकंद लावले की तीच दहा कनेक्शन सेकंदाला दोन कामं करतात. पोस्टग्रेसच्या पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत अशी कनेक्शन ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ म्हणून दिसतात. तसंच स्प्रिंग बूटमध्ये ओपन-इन-व्ह्यू मुळातच चालू असतं आणि पान तयार होईपर्यंत कनेक्शन धरून ठेवू शकतं. मी ते पहिल्या दिवशीच बंद करतो.

५. एका थ्रेडला एकच कनेक्शन. चालू ट्रान्झॅक्शनच्या आत ऑडिटची नोंद स्वतंत्र ट्रान्झॅक्शनमध्ये करायला गेलात, तर त्या थ्रेडला दुसरं कनेक्शन लागतं. दहा थ्रेडनी एकेक धरलं आणि दहाही जण दुसऱ्यासाठी थांबले, की वाट पाहायची मुदत संपेपर्यंत कुणीच सुटत नाही.

६. रात्रभर निजलेल्या कनेक्शनवर भरवसा नको. मायएसक्यूएल मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, निष्क्रिय राहिलेलं कनेक्शन तोडतो. मधला फायरवॉल तर त्याआधीच आणि कुणालाही न कळवता तोडू शकतो. हिकारी ३० मिनिटांनी कनेक्शन बदलतो. तुमच्या फायरवॉलची मर्यादा त्याहून कमी असेल तर हा आकडा तिच्या खाली आणा. शिवाय पोस्टग्रेसच्या जेडीबीसी ड्रायव्हरमध्ये सॉकेट टाइमआउट मुळात शून्य, म्हणजे अमर्याद असतो. तुटलेल्या तारेवर कान लावून थ्रेड कितीतरी वेळ बसून राहतो. तो टाइमआउट लावाच; पण तुमच्या सर्वांत लांब रास्त क्वेरीपेक्षा जास्त.

७. चाचणीच्या सर्व्हरवर पूल दोनचा ठेवा. १५एचची तपासणी आमच्या चाचणीतही झाली होती. दोन-तीनदा करून बघितली, निकाल बरोबर आला, पुढचं व्हर्जन चढलं आणि गळलेली दोन-तीन कनेक्शन त्यासोबत नाहीशी झाली. दहाच्या पूलमध्ये ती कुणाला जाणवलीच नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे चाचणीला दोनच कनेक्शन आणि वाट पाहायची मुदत ३० ऐवजी पाच सेकंद. पहिल्याच आठवड्यात आणखी दोन ठिकाणं अडली: पासबुकच्या छपाईत एक, आणि नामनिर्देशन बदलण्याच्या पानावर दुसरं.