निवृत्तिवेतन आणि राखीव निधि

योसेफाची गोष्ट तुम्हीं ऐकलीच आहे. मिसर देशांत सात वर्षें सुकाळ होता, तेव्हां त्यानें पिकाचा पांचवा हिस्सा कोठारांत सांठविला. पुढें सात वर्षें दुष्काळ पडला, तेव्हां तेंच धान्य लोकांच्या कामीं आलें. सरकारी निवृत्तिवेतनाचा प्रश्न समजण्यास ही गोष्ट उपयोगी आहे.

महाराष्ट्रांत १ नोव्हेंबर २००५ पूर्वीं नेमलेल्या सरकारी नोकरांस जुन्या योजनेप्रमाणें अखेरच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम मिळते. तिच्यासाठीं कोठार मात्र नाहीं. त्या त्या वर्षीं जमलेल्या महसुलांतूनच ती द्यावी लागते. म्हणजे अंधेरीच्या दुकानदारानें आज भरलेल्या करांतून पूर्वीं सेवा केलेल्या वृद्धांचा चरितार्थ चालतो. यांत अनुचित कांहीं नाहीं. परंतु निवृत्तांची संख्या व त्यांचें आयुर्मान वाढलें, कीं अंदाजपत्रकांतील हा वांटा वाढतो आणि रस्ते, दवाखाने व शाळा यांसाठीं कमी पैसा उरतो.

यास्तव त्यानंतर नेमलेल्यांसाठीं निधि सांठविण्याची पद्धति आली. नोकर वेतनाचे शेंकडा १० भरतो, सरकारही आपली भर घालतें, आणि ती रक्कम रोख्यांत व समभागांत गुंतविली जाते. येथें दोन अडचणी उद्भवल्या. पहिली, सरकारावर दुहेरी भार पडला : जुन्यांस देणें आणि नव्यांसाठीं सांठविणें. दुसरी, नोकरास निश्चित रकमेची हमी राहिली नाहीं. मार्च २०२३ मध्यें राज्यांतील नोकर व शिक्षक संपावर गेले, तें जुन्या योजनेच्या मागणीसाठींच. पुढें २०२४ सालीं सरकारनें निम्म्या वेतनाची हमी देणारी सुधारित योजना मान्य केली. हमी आली, तसा तिचा भारही पुन्हां तिजोरीवर आला.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. योसेफाच्या कोठारांत प्रत्यक्ष धान्य होतें; आपल्या निधींत बहुधा सरकारचेच रोखे असतात. त्यांचें व्याज शेवटीं करांतूनच यावयाचें. तो पैसा पूल, पाणी, वीज, शिक्षण यांवर लागला, तर देशाचें उत्पन्न वाढून कर्ज सहज फिटतें. रोजच्या खर्चांत उडाला, तर कोठार कागदावरच राहतें.

आम्हां शिक्षकांचा या प्रश्नाशीं निकट संबंध आहे. म्हणूनच आम्हीं स्वतःच्या लाभापलीकडे पाहिलें पाहिजे. वृद्धांस दिलेलें वचन पाळणें हा धर्म आहे. तसेंच त्या वचनाचा हिशेब मुलांपासून न लपविणें हाही धर्मच होय. कारण वीस वर्षांनीं तो भार उचलणारे खांदे तुमचेच आहेत.