नायट्रॉक्सची नळी आणि पेटंट

चि. निखिल,

तुझं पत्र आणि सोबतचं रेखाचित्र मिळालं. कॉम्प्रेसरच्या इनटेकआधी लावलेली पीव्हीसीची जाड नळी, आत हवा घुसळायला बसवलेल्या चकत्या, ऑक्सिजन सोडणारा नीडल व्हॉल्व्ह आणि दोन ॲनलायझर, जुळणी नेटकी आहे. तू विचारलंस एवढंच, की डायव्हिंगसाठी नायट्रॉक्स, म्हणजे जादा ऑक्सिजनची हवा, करणाऱ्या या घरी बनवलेल्या मिक्सरमुळे कुणाच्या पेटंटचा भंग होतो का. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं उच्च दाबाच्या कॉम्प्रेसरवर गेली आणि शेवटची कंपनीच्या पेटंटांचे कागद सांभाळण्यात. त्यामुळे दोन्ही अंगांनी लिहितो.

‘स्वतःसाठी बनवलं, विकलं नाही, मग पेटंट कसलं आड येतंय’ असं तुझा मित्र म्हणतो. अमेरिकेत ते खरं नाही. तिथल्या कायद्यात विकणंच नव्हे, तर बनवणं आणि वापरणंही पेटंटधारकाच्या हक्कात येतं, आणि गॅरेजला वेगळी सूट नाही. इंग्लंडमध्ये 1977च्या कायद्याने खाजगी आणि बिनव्यापारी वापर मोकळा ठेवला आहे. आपल्याकडे 1970च्या कायद्यात प्रयोग, संशोधन आणि विद्यार्थ्यांना शिकवणं यांसाठी सवलत आहे. शिवाय पेटंट त्या-त्या देशापुरतंच असतं. तू फ्लोरिडात असेपर्यंत तुला अमेरिकेचाच कायदा लागू. उद्या हेच यंत्र गोव्याला आणलंस, तर प्रश्न भारतात मंजूर झालेल्या पेटंटांचा.

आता खुद्द कल्पनेचं. अमेरिकी सरकारच्या ‘नोआ’ या सागरी संस्थेत डायव्हिंगचा कार्यक्रम सांभाळणाऱ्या मॉर्गन वेल्स यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस 32 टक्के ऑक्सिजनचं मिश्रण संशोधक डायव्हर्ससाठी रूढ केलं. सतत वाहत्या हवेत ऑक्सिजन मिसळून नायट्रॉक्स करणाऱ्या यंत्रणेचं पेटंट त्यांच्या नावे 1989 साली निघालं. त्याची मुदत संपून बरीच वर्षं झाली. त्यात जे सांगितलं आहे ते आता सगळ्यांचं आहे. ते मुळापासून वाच. चांगल्या इंजिनिअरचं पेटंट म्हणजे फुकटचं पाठ्यपुस्तक असतं, आणि तरुण माणसं ते उघडतही नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

1990च्या दशकातली पेटंटं वेगळ्या वाटेची. मेम्ब्रेनमधून हवा ढकलून तिच्यातला नायट्रोजन कमी करायचा, म्हणजे शुद्ध ऑक्सिजनचा सिलिंडरच नको. विल्यम डेल्प यांच्या नावे अशा यंत्रणांची पेटंटं आहेत आणि त्यांवरून कोर्टकचेरीही झाली. पेटंटची तुझी भीती बहुधा तिथूनच आली असावी.

पेटंटचं शीर्षक किंवा चित्रं पाहून घाबरू नकोस. थेट शेवटचे दावे वाच. वर्णन कितीही लांबरुंद असो, हक्क दाव्यातल्या शब्दांच्या बांधापलीकडे जात नाही. एखाद्या दाव्यात मेम्ब्रेन, हीटर, ॲनलायझर आणि कॉम्प्रेसर असे चार घटक असतील, तर भंगासाठी चारही लागतात. तुझ्याकडे मेम्ब्रेनही नाही आणि तिच्या जागी तेच काम करणारं दुसरं काही नाही, म्हणजे तो दावा तुला लागत नाही. त्यानंतर पेटंट जिवंत आहे का ते बघ. अमेरिकेत मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी शुल्क भरावं लागतं, ते न भरल्याने कित्येक पेटंटं मुदतीआधीच संपतात. दाखल तारीख, शुल्क आणि स्थिती हे सगळं विनामूल्य पाहता येतं. एखादा जिवंत दावा खरोखर जुळतोय असं वाटलं, तर मात्र तिथल्या पेटंट वकिलाला पैसे देऊन विचार. विशेषतः इतरांना रेखाचित्रं किंवा सुट्या भागांचे संच देणार असशील तर. दुसऱ्याला जाणूनबुजून भंग करायला लावणंही तिथे जबाबदारी ओढवतं.

इथवर तुझ्या प्रश्नाचं उत्तर झालं. मला खटकलं ते तुझं पुढचं वाक्य: ‘जुन्या पेटंटमधलंच आहे, म्हणजे सिद्ध झालेलं आहे.’ नाही रे बाबा. पेटंट कार्यालय नावीन्य तपासतं. त्या यंत्राने कुणाचा जीव जाईल का, हे ते तपासत नाही. पेटंट चालू असो की संपलेलं, सुरक्षिततेबद्दल ते काहीही सांगत नाही.

हिशेब बघ. मिनिटाला 100 लिटर ओढणाऱ्या कॉम्प्रेसरला 32 टक्के हवं असेल, तर ऑक्सिजन साधारण 14 लिटर लागतो. ऑक्सिजनचा आंशिक दाब 1.4 बार ही मर्यादा धरली, तर हे मिश्रण 33 मीटरपर्यंत चालतं. नळीत हवा नीट घुसळली गेली नाही, ॲनलायझरला कडेचा पातळ पट्टा दिसला आणि सिलिंडरमध्ये खरं 40 टक्के गेलं, तर त्याच खोलीवर दाब 1.7 बारच्या वर जातो. तिथे पूर्वसूचना न देता झटके येऊ शकतात आणि तोंडातलं रेग्युलेटर सुटतं. म्हणून भरलेला सिलिंडर पुन्हा मोजायचा, आणि तो घेऊन पाण्यात जाणाऱ्याने स्वतः मोजायचा. ॲनलायझर आधी साध्या हवेवर 20.9ला आणून ठेवायचा. त्यातला सेल जुना होतो आणि मरताना खोटं बोलतो, तेव्हा त्यावर बसवल्याची तारीख लिही.

तुझ्या चित्रात एक गोष्ट मला दिसली नाही. कॉम्प्रेसर बंद पडला, वीज गेली, फ्यूज उडाला, तर ऑक्सिजनचं काय? तो वाहत राहिला, तर नळी आणि फिल्टरमध्ये जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन साचेल, आणि पुन्हा सुरू करताच तो कॉम्प्रेसरच्या, तेलाने माखलेल्या गरम सिलिंडरमध्ये जाईल. कॉम्प्रेसरच्या विजेवरच चालणारा, वीज गेली की आपोआप मिटणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह ऑक्सिजनच्या नळीत घाल. हे ऐच्छिक समजू नकोस.

ऑक्सिजनच्या बाजूला साधं ग्रीस, सिलिकॉन ग्रीससुद्धा नको. ऑक्सिजनसाठीचंच फ्लोरिनयुक्त वंगण वापर आणि ओ-रिंग व्हायटॉनच्या घाल. उच्च दाबाच्या बाजूला चटकन उघडणारा बॉल व्हॉल्व्ह लावू नकोस. दाब एकदम आला, की पुढचा वायू क्षणात तापतो आणि इवलासा तेलाचा अंश पेट घेतो. आमच्या कारखान्यात ऑक्सिजनच्या लाइनवर जाणाऱ्याचे हात आधी पाहिले जात, आणि ती शिस्त मला आजही योग्य वाटते. अमेरिकी कामगार-सुरक्षा नियमांत 40 टक्क्यांपलीकडच्या मिश्रणाला ऑक्सिजनसाठीच बनवलेली, स्वच्छ केलेली साधनं सक्तीची आहेत. तो 40चा आकडा घेऊन निर्धास्त होऊ नकोस. तुझ्या कॉम्प्रेसरचा निर्माता त्याहून कमी सांगत असेल, तर त्याचंच ऐकायचं.

आणि मित्रांचे सिलिंडर भरून देण्याच्या तुझ्या बेताबद्दल. तू पाच डॉलर घेणार की काहीच घेणार नाहीस, याने त्यांच्या फुफ्फुसांना फरक पडत नाही. तू स्वतः गॅस ब्लेंडिंगचं प्रशिक्षण घेईपर्यंत आणि हे यंत्र जाणत्या माणसाने तपासेपर्यंत फक्त स्वतःसाठी भर. रागावलास तरी चालेल, पण त्याआधी मित्रांना भरून देणं मी मान्य करणार नाही.

ऑक्सिजन आपोआप बंद करायची एखादी नवी सोपी युक्ती तुला सापडली, तर आधी ठरव की ती खुली करायची की जपायची. खुली करायची असेल, तर तारखेसह प्रसिद्ध कर, मग ती नंतर दुसरा कुणी आपल्या नावावर घेऊ शकणार नाही. जपायची असेल, तर आधी अर्ज. अमेरिकेत प्रसिद्ध केल्यावर वर्षभराची सवड मिळते, भारतात आणि युरोपात ती सहसा मिळत नाही. ज्या मित्राने युक्ती सुचवायला मदत केली, त्याचं नाव संशोधक म्हणून घाल.

सोलेनॉइड कुठे बसतो ते दाखवणारं नवं चित्र पाठव. कॉम्प्रेसरचा मॉडेल नंबर आणि त्यात घातलेल्या तेलाचं नावही कळव. वहिनींना नमस्कार, ईशाला गोड पापा.

तुझा,
काका