आरोग्य साऱ्या गावाचे

साथ गरीब-श्रीमंत पाहत नाही, असे आपण म्हणतो. पण हे अर्धेच खरे आहे. २०२० साली करोनाची साथ आली. आजार सर्वांकडे आला. उपचार मात्र सर्वांना सारखे मिळाले नाहीत. ज्याच्या गाठीला पैसा आणि दाराशी गाडी, तो शहराच्या दवाखान्यात पोचला. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर, त्याने ताप अंगावर काढला.

त्या दिवसांत गावोगाव दारोदार कोण फिरलं? आशाताई. ताप कोणाला, खोकला कोणाला, हे तिने विचारले. बोटाला यंत्र लावून रक्तातला प्राणवायू पाहिला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. मान मिळाला, पण पोटाचं काय? आशेला नोकरदारासारखा पगार नाही. मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. तो वाढावा म्हणून जून २०२१ मध्ये, साथ चालू असतानाच, महाराष्ट्रातल्या आशांना संप करावा लागला.

गावच्या बाईने गावचे आरोग्य राखावे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या पती-पत्नींनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले. जामखेड आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. गावांनी निवडून दिलेल्या बायांना त्यांनी शिकवले. पुष्कळ जणींना अक्षरओळख नव्हती. कित्येक जणी दलित वस्तीतल्या होत्या. त्या बाळंतपण, मुलांचे जुलाब, लस, स्वच्छ पाणी यांकडे लक्ष देऊ लागल्या. लहान मुले दगावण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. असे का झाले? डॉक्टर येतो नि जातो. गावची बाई गावातच राहते. कोणत्या घरी चूल पेटली नाही, हे तिला ठाऊक असते.

मग आपण काय करायचं? गावासाठी ग्राम आरोग्य समिती असते. तिला सरकारी निधी मिळतो. ग्रामसभेत उभे राहून विचारावे :

१. समितीची बैठक कधी झाली? निधी कशावर खर्च झाला?
२. लांबच्या वस्तीवर, पाड्यावर लस पोचते का?
३. ऊसतोडीला गेलेल्यांची मुले लसीवाचून राहिली का?
४. आशाताईचे पैसे थकले आहेत का?

आता आपल्याला वाचता येते. हिशेबाचा कागद मागून घ्यावा आणि स्वतः वाचावा. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. पुढची साथ येण्याआधी शेवटच्या घरापर्यंत सोय झाली पाहिजे.